नखातलं कुसळ

४ मार्च

मिरचे,

मास्तरांना ही चित्रातली टोपीवाली बाई खरी कितीला पडली, तो हिशेब आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. तुझं शिवणयंत्र गेलं. त्यांची सायकल गेली, आणि मग शाळेपर्यंत पायपीट करून चपला झिजल्या त्या वेगळ्या. तुमचा नवराबायकोचा एक आख्खा उन्हाळा अबोल्यात गेला. आणि तुमच्याच घरी, तुमच्याच ताटावर बसून मी म्हणालो, "मास्तर, टोपीला भाळलात की बाईला?" त्यात तुझा सख्खा भाऊ गेला. एका कागदापायी एवढं. यापेक्षा महाग सौदा मी पाहिलेला नाही, आणि मी काय काय सौदे पाहिलेत ते तुला ठाऊक आहे.

मास्तर गेले तेव्हा मी आलो होतो. तू पाणी दिलंस, बोलली नाहीस. त्यानंतर परवा तुझी लेक चादरीत गुंडाळलेलं ते चित्र छातीशी धरून दुकानात उभी राहिली, आणि सोबत तुझी चिठ्ठी. "खरं की खोटं, एवढंच सांग." ना नमस्कार, ना खुशाली. वीजखात्याला तक्रार करतानाही लोक याहून जास्त लिहितात, मिरचे. पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं हे खोटं नाही.

लेक म्हणाली, मास्तर आजारात सांगून गेलेत की हे अस्सल आहे, वेळ पडली तर विका आणि पोरीला चित्रकलेच्या कॉलेजात घाला. आणि तू म्हणतेस, मामाने खरं म्हटलं तर घालीन. म्हणजे मुंडावळ्या तुमच्या आणि मुहूर्त माझ्या हातात. असो.

आता पारख. दुकानात तेव्हा शेजारचा घड्याळजी बसला होता, आणि ते रिटायर झालेले वकील, जे कैक वर्षं एक खुर्ची घ्यायला येतात आणि तिच्यावर बसून परत जातात. म्हटलं, चला, चारचौघांसमोर होऊन जाऊ दे. चित्र चौकटीतून काढलं. फ्रेंच बाई झोकात आहे, यात वाद नाही. परातीएवढी टोपी, तिच्यावर पीस, हनुवटी फरच्या गळपट्टीत बुडालेली, आणि ओठ असे की नुकतीच कुणाची तरी कुचाळकी ऐकून आली असावी. मी आधी पाठ बघितली. नवी. मग कागद कानाशी नेऊन टिचकी मारली. जुना चिंध्यांचा कागद कोऱ्या नोटेसारखा करकरतो. हा ठप्प बोलला. तरी शेवटची खात्री म्हणून फरच्या काळ्याभोर भागावर नख फिरवलं. काही नाही. यंत्रावर छापलेलं, कुठल्याशा जुन्या मासिकातलं पान, एवढीच त्याची जात.

तू म्हणशील, इतक्या झटकन? अगं, अशा फ्रेंच बाया मी ढिगाने हाताळल्यात. हातगाडीवर रद्दी गोळा करायचो तेव्हा लोक वजन वाढावं म्हणून कागद ओला करून द्यायचे. तो ओलावा मी कानाने ओळखायला शिकलो. तागडी फसवेल, डोळे फसवतील, हे कान नाही फसत. आज या शहरात कागद म्हटलं की लोक माझ्या दारात येतात ते उगीच नाही.

एक मात्र मनापासून सांगतो. मास्तर खोटं बोलले नाहीत, ते फसले. या दोन्हींत फरक आहे. तेवढा तू कर.

तुझी लेक पाणीही न पिता गेली. तुझ्यावरच गेली आहे.

तुझा दादा


१२ मार्च

मिरचे,

तुझं पत्र आलं. या खेपेला खुशालीही विचारलीस, त्यामुळे मी ते दोनदा वाचलं.

"इतकी वर्षं मी त्या टोपीवालीला सवत समजून रोज सकाळी पुसत आले, आणि ती कॅलेंडरातली निघाली." हे तुझं वाक्य वाचून मी मोठ्याने हसलो, आणि मग घड्याळजीने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना.

पोरीला हिशेबाच्या कोर्सला घालतेस म्हणालीस. तेही वाईट नाही. हिशेबाला मरण नाही. पण मी म्हणतो, घाई कशाला? चित्रकलेच्या कॉलेजची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे म्हणतेस ना, तोवर थांबायला काय जातंय? पोरीच्या मनात असेल तर चित्र खरं असो की खोटं, त्याचा तिच्याशी काय संबंध? तू लिहितेस, "डोळाच खोटा निघाला तर त्या डोळ्याने शिकवलेलं काय खरं असणार." हे जरा जास्त होतंय. मास्तरांचा डोळा एका चित्रात चुकला म्हणून सगळाच खोटा कसा? मीही चुकतो. क्वचित. पण चुकतो.

चित्र "तुझ्याकडेच ठेव, नाहीतर रद्दीत घाल" म्हणालीस. रद्दीत घालायला मीच सापडलो होय? बरोबर आहे म्हणा, रद्दीतूनच वर आलोय. पण नाही घालत. पातळ कागदात गुंडाळून सपाट खणात ठेवलं आहे, कुणी हात लावणार नाही. मास्तरांची आठवण म्हणून राहू दे माझ्याकडे. आणि माझ्या मनात असं आहे की तुला एक शिवणयंत्र घेऊन द्यावं. मोटरचं. काल जाऊन पाहून आलो, पायाने मारायची भानगड नाही, बटण दाबलं की धावतं. भावाने बहिणीला काही द्यायला कारण लागत नाही. तू फक्त हो म्हण. चित्राच्या बदल्यात वगैरे काही समजू नकोस. चित्राला किंमत नाही, हे मी तुला सांगितलंच आहे.

लेकीला विचार, तिला माझा राग आला आहे का. त्या दिवशी आम्ही जरा हसलो, तेवढंच.

दादा


१९ मार्च

मिरचे,

"दादा, तू आजवर फुकट पुडीचा दोराही दिला नाहीस. मशीन कशाचं?"

एवढं वाकडं लिहायची गरज नव्हती. पण खोटंही लिहिलं नाहीस. आई म्हणायची, हा पोरगा सावलीसुद्धा भाड्याने देईल. मशीनचं राहू दे.

तुझी लेक परवा आली होती. तुला सांगून आली की नाही ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आली, काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, चित्र बघायचंय. भिंगातून."

मी म्हटलं, "खोट्या चित्राला भिंग कशाला? उवा शोधायच्यात?"

"कुसळ शोधायचंय."

"कसलं कुसळ?"

मग तिने मला शिकवलं. तुला कदाचित हे सगळं माहीत असेल, मास्तर घरात बोलत असतील. मला नव्हतं. ती म्हणाली, या जातीच्या चित्राला ड्रायपॉइंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर सरळ सुईने ओरबाडायचं, आम्ल नाही, काही नाही. सुई गेली की रेघेच्या काठाला तांबं उसवून वर येतं, नांगराच्या तासाला माती येते तसं. त्याला मास्तर कुसळ म्हणायचे. त्या कुसळात शाई धरते, म्हणून कागदावर रेघ मखमलीसारखी काळी उमटते, शाई अगदी उभी राहते. पण कुसळ नाजूक. दाबाखाली दरवेळी चेपत जातं. पहिले थोडेच कागद लोकरीसारखे येतात, मग रेघ नुसती रेघ राहते. "बाबा म्हणायचे, फर बघ. फर मऊ दिसली तर कुसळ जिवंत होतं तेव्हाचा कागद."

मी म्हटलं, "हे सगळं पुस्तकातलं. पाठ बघितलीस ना? पाठीवर तुझ्या बापाच्या शाळेच्या भांडाराचा शिक्का आहे. फ्रेंच बाई काय तुमच्या शाळेत हजेरी लावत होती?" हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. पाठीला शाळेचा ड्रॉइंगपेपर निघाला आणि कोपऱ्यात जांभळा शिक्का. ते बघून त्या दिवशी वकील इतके हसले की खुर्चीवरून उठले. कैक वर्षांत पहिल्यांदा.

लेक हसली नाही. म्हणाली, "तो मागून डकवलाय. मी लहान असताना कोपरा फाडला होता. तुम्ही टिचकी मारलीत ती शाळेच्या कागदाला."

आता माझ्यासारख्या माणसाने यावर काय म्हणावं? मी म्हटलं, "असेल."

मग ती म्हणाली, "आणि तुम्ही नख फिरवलंत तेव्हा आवाज आला."

"कसला?"

"चर्र असा. बारीक. वाळूवरून काडी ओढल्यासारखा."

"तुझ्या बांगड्या वाजल्या असतील."

तिने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. उघडे. आपल्या घरात कुणालाही बांगड्यांचा सोस नाही, हे मला आठवायला हवं होतं. मी म्हटलं, "मग माझे कान वाजत असतील, वय झालं," आणि तिने म्हटलं, "तुमचे नाही, मामा. मी माझ्या कानांबद्दल बोलतेय."

चित्र दाखवा म्हणून अडून बसली. मी सांगितलं, फ्रेमवाल्याकडे दिलं आहे, काच बदलायला. खरंच दिलं आहे. आल्यावर दाखवीन.

मला एवढंच म्हणायचंय, की पुन्हा एकदा कुणाला तरी दाखवायला हरकत नाही. माझी पारख चुकली असं नाही. पण पोरीच्या मनात किंतू नको. हिशेबाच्या कोर्सचे पैसे भरले नसशील तर अजून भरू नकोस.

दादा


२७ मार्च

मिरचे,

तुझं पत्र म्हणजे तीन ओळी. मी ते आता खिशातच ठेवतो.

"आधी खणात होतं, आता फ्रेमवाल्याकडे. दादा, चित्राला पाय फुटले का? पाठीला तो कागद लावायची खळ मी शिजवली होती, तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

चित्राला पाय फुटले नाहीत. ते खणातच होतं. तुझी लेक ज्या काउंटरवर कोपर टेकून उभी होती, त्याच्याच खाली. मी बोलत होतो आणि माझ्या मांडीला खणाची मूठ लागत होती.

आता जे घडलं ते सरळ सांगतो. मी मधे मधे विनोद करीन, तो माझ्या जिभेला लागलेला चाळा आहे, तू त्याकडे लक्ष देऊ नकोस.

त्या दिवशी नख फिरवलं तेव्हा मला आवाज आला होता. तुझ्या लेकीच्या आधी आला. चर्र. नखाखाली काहीतरी उभं होतं आणि ते निघून आलं. छापील कागदावर नख फिरवलं तर ते घसरतं, काचेवरून घसरावं तसं. हे अडखळलं. त्या एका क्षणात मला कळलं की ही शाई कागदावर बसलेली नाही, उभी आहे. मला नाव माहीत नव्हतं, पण कळलं. आणि समोर घड्याळजी आणि वकील तोंडाकडे बघत होते, शिक्क्यावरून नुकते पोट धरून हसलेले. मी बोट उचललं आणि म्हटलं, "बघा, काही नाही. छापील."

एवढंच घडलं. ते म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढंच.

तू म्हणशील, तेव्हा नाही तर घटकाभराने सांगायचं. बरोबर आहे. दुकान बंद केल्यावर मी दिवा ओढून भिंगातून बघितलं. टोपीच्या काठाला, पिसाला, सगळीकडे ती लोकर. कागदाच्या कडेने पत्र्याच्या दाबाची चौकट, बोटाला लागते अशी. खाली पेन्सिलीची सही, जिला मी दुपारी कुणा पोराने मारलेल्या रेघोट्या म्हणालो होतो. आणि गळपट्टीच्या फरमध्ये, अगदी हनुवटीखाली, एक फिकट पट्टा. नखाएवढा रुंद. तिथली लोकर नाही. ती माझ्या नखात होती, काळी, काजळीसारखी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. माझं तर नखातच निघालं. मी बराच वेळ हात धुतला नाही. मग धुतला.

त्यानंतर मी तुला पहिलं पत्र लिहिलं. आधी नाही, नंतर. ते "काही नाही" मी हात धुऊन लिहिलेलं आहे. तुला हे कळावं म्हणून सांगतो.

का लिहिलं? मी खूप विचार केला आणि मला एकच कारण सापडतं, तेही काही मोठं नाही. चित्र खरं असतं तर मास्तर बरोबर ठरत होते. ज्या माणसाला मी त्याच्याच ताटावर हसलो, तो बरोबर आणि मी रद्दीवाला. मी लहानपणापासून लोकांच्या घरांच्या मागच्या दाराला उभा राहिलो, मिरचे. पुढच्या दाराने आत गेल्यावर मला तो माणूस भेटला, ज्याच्याकडे दमडी नव्हती आणि तरी एका कागदापुढे तो देवापुढे बसावं तसा बसायचा. मला ते सहन झालं नाही. तेव्हाही नाही, आणि तो गेल्यावरही नाही. मेलेल्या माणसाशी पैज लावून बसलो होतो मी.

पुढचं याहून वाईट आहे. मशीन पाहून आलो ते भावाच्या मायेने नव्हे. चित्र माझ्याकडे राहावं आणि तुझ्याकडे काहीतरी दिल्याचं समाधान असावं, असा बेत होता. पूर्ण मांडलेला नव्हता, पण मनात घोळत होता. वकिलांना मी एकदा सहज विचारलंही, अशा चित्राला गिऱ्हाईक कुठे मिळेल. ते म्हणाले, "पण ते खोटं आहे ना?" मी म्हटलं, "हो, तसंच एक दुसरं." चोर म्हणायचं असेल तर म्हण. मी कान पाडून ऐकेन.

परवा मी तुझ्या लेकीच्या शाळेबाहेर जाऊन उभा राहिलो. ती मैत्रिणींबरोबर येत होती, मला बघून थांबली. मी म्हटलं, "चित्र खणातच आहे. फ्रेमवाल्याकडे नाही."

"माहीत आहे."

"आणि आवाज आला होता."

"तेही माहीत आहे."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

ती पिशवीचा पट्टा ओढत उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." आणि मग, अगदी तुझ्या आवाजात, "किती थांबायचं असतं, मामा?"

मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर संग्रहालयात येशील?" 

काल आम्ही दोघं ते चित्र घेऊन मोठ्या संग्रहालयात गेलो. मागच्या बाजूला कागद दुरुस्तीची खोली आहे, उंच खिडक्या, लांब टेबलं, बोलण्याचा आवाजही पुसून ठेवल्यासारखा. तिथल्या बाई साठीच्या, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की शब्दांवर जकात बसत असावी. मी सवयीप्रमाणे सुरुवात केली, "बाई, मी या धंद्यात..." त्या म्हणाल्या, "टेबलावर हात ठेवू नका." मी हात खिशात घातले.

त्यांनी दिवा बाजूने, अगदी टेबलाच्या पातळीवरून लावला. मिरचे, तू यायला हवी होतीस. वरून बघताना ती टोपीवाली नुसती चित्रातली असते. बाजूच्या उजेडात तिची फर उभी राहिली, अंगावर काटा यावा तशी. पिसाची एक एक काडी. बाईंनी दिवा थोडा सरकवला. मग म्हणाल्या, "सुरुवातीचा कागद आहे. पत्रा ताजा असतानाचा." पुढे म्हणाल्या, सही खरी वाटते, नक्की करायला थोडे दिवस लागतील. पाठ उलटून शिक्का बघितला आणि पहिल्यांदा हसल्या. "हे कुणी केलं?"

"माझ्या बाबांनी," लेक म्हणाली. "ते चित्रकला शिकवायचे. खळ आईने शिजवली होती."

"खळ आहे ते बरं. पाण्याने सुटेल. डिंक असता तर जीव गेला असता." मग तिला म्हणाल्या, "फाटलेला कोपरा नीट जुळवलाय. हात बरा होता."

हे शब्द जसेच्या तसे लिहितो आहे, तुझ्यासाठी. हात बरा होता. डोळाही बरा होता. मास्तर फसले नव्हते. या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे, बाकीचं तू वाचलं नाहीस तरी चालेल.

मग दिवा गळपट्टीवर आला. बाई थांबल्या. भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "हे ताजं आहे."

लेक चित्राकडेच बघत होती. खोलीत मी एकटाच उरलो होतो.

"मी केलं," मी म्हटलं. "नखाने. पारख करताना."

"नखाने," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. डॉक्टरने नुसतं "सिगारेट" म्हणावं तसं म्हणाल्या. हे परत येत नाही, त्यांनी सांगितलं. रंग भरता येईल, पण कुसळ भरता येत नाही. कुणी जाणकार घेणार असेल तर त्याला हे सांगावं लागेल, आणि किमतीतून मोठा घास जाईल. तरी जे उरेल त्यात पोरीच्या कॉलेजचं होईल, शेवटच्या वर्षापर्यंत पुरेलही, असं त्यांचं मत पडलं. किंमत त्यांनी कागदावर लिहून लेकीच्या हातात दिली, माझ्या नाही. मी बघितली नाही. तू बघ. जो घास गेला तो माझ्याकडून येईल. हे मशीनसारखं नाही. याला कारण आहे.

पोरीला त्यांनी दुसऱ्या भिंगातून बघू दिलं. ती टेबलावर ओणवून बघत होती, आणि तिचा श्वास चित्रावर जाऊ नये म्हणून तिने तोंडावर ओढणी धरली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढे जाऊन खिडकीत बसली. उतरताना मात्र चित्राची एक बाजू मला धरायला दिली.

कॉलेजची मुदत संपायला चार दिवस आहेत. फॉर्मवर आईची सही लागते, मामाची चालत नाही, मी विचारून आलो. तेवढी कर. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर कधी ठरव, त्याला काही मुदत नाही.

चित्र बाईंकडेच ठेवलं आहे. पावती लेकीच्या नावाची आहे. पाठीचा कागद काढताना शिक्क्याचा तुकडा फेकू नका, असं मी सांगितलं. म्हणाल्या, फेकत नाही आम्ही काही.

पावती करताना बाईंनी एक रजिस्टर उघडलं. चित्राला काय इजा झाली, कुणाच्या हातून झाली, तो माणूस सरावलेला होता का, सगळं लिहावं लागतं म्हणे, म्हणजे पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला कळतं. चष्मा कपाळावरून खाली आणून त्यांनी मला विचारलं, "याआधी किती ड्रायपॉइंट हाताळलीत?"

तुझी लेक माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हे पहिलंच."